व्यसन कशानं लागतं, कशानं सुटतं

एसटी स्टँडच्या मुतारीत, लोकलच्या डब्यात, रस्त्याकडेच्या विजेच्या खांबावर एक जाहिरात हमखास डकवलेली असते: दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत. खाली मोबाइल नंबर. जाहिरात चार शब्दांची, पण तिच्यामागे व्यसनाबद्दलचं एक अख्खं मत उभं आहे. दारू ही माणसाच्या अंगात शिरलेली वस्तू, ती दुसऱ्या वस्तूनं बाहेर काढायची, आणि खुद्द त्या माणसाला काही विचारायची गरज नाही. घरातली थोरली माणसं त्याला देवळात नेऊन शपथ घ्यायला लावतात. त्यांच्या मते निर्धार कमी पडतो. गर्दुल्ल्याला फलाटावरून हुसकणाऱ्या हवालदाराचं मत तिसरं, आणि दवाखान्यातल्या मानसोपचारतज्ज्ञाचं चौथं. व्यसन का लागतं याचं ज्याचं जे उत्तर, तोच त्याचा उपचार. म्हणून उपचारांची पारख करायची तर आधी कारणांची झडती घ्यायला हवी. गेल्या साठ-सत्तर वर्षांत ती बरीच घेतली गेली आहे. तिच्यातून जे निघालं, ते यांतल्या कुणालाच पूर्ण सोयीचं नाही.

आधी आवाका सांगतो. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. १० ते ७५ या वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात, आणि त्यांतल्या ५.७ कोटींचं पिणं त्रासाच्या पातळीला पोचलेलं आहे. अफू, हेरॉइन आणि त्याच जातीच्या औषधी गोळ्या घेणारे सव्वादोन कोटी. त्यांतल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. सोल्यूशन, व्हाइटनर हुंगण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा १० ते १७ वर्षांच्या मुलांत जास्त. तंबाखू या हिशोबात धरलेलीच नाही. पण अहवालातला सगळ्यात बोलका आकडा उपचारांचा आहे: दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलाही उपचार मिळालेला, आणि दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांमागे एक. पुढे जे काही लिहितो आहे ते सगळं या उरलेल्या ३७ जणांच्या संदर्भात वाचावं.

पदार्थातच काहीतरी आहे, हे कारणाचं सगळ्यात जुनं उत्तर, आणि ते खोटं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात असं दिसलं की कधीतरी तंबाखू घेतलेल्या शंभरांतले ३२ जण तिच्या आहारी गेले. हेरॉइनच्या बाबतीत हा आकडा २३, कोकेनच्या १७, दारूच्या १५ आणि गांजा-चरसच्या ९ होता. म्हणजे पदार्थापदार्थांत फरक आहे, आणि पानटपरीवर मावा चोळत गर्दुल्ल्यांबद्दल हळहळणाऱ्यांनी या यादीत पहिला नंबर कुणाचा ते पाहून घ्यावं. पदार्थ मेंदूत किती वेगानं पोचतो, यालाही महत्त्व आहे. गिळलेली अफू सावकाश चढते. तिच्यापासूनच बनलेलं हेरॉइन पन्नीवर तापवून त्याचा धूर ओढला किंवा शिरेत टोचलं, की काही सेकंदांत काम होतं, आणि पकडही तितकीच घट्ट बसते. गंमत म्हणजे हे हेरॉइन १८९८ मध्ये बायर कंपनीनं खोकल्यावरचं औषध म्हणून बाजारात आणलं होतं.

पण हेरॉइनचा हा २३ चा आकडा उलटा वाचला तर? हेरॉइन घेतलेल्या शंभरांतले ७७ जण आहारी गेले नाहीत. मग दोष एकट्या पदार्थावर कसा टाकायचा?

या प्रश्नाचं सगळ्यात विलक्षण उत्तर एका युद्धानं दिलं. १९७१ साली व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइन बेसुमार पसरलं होतं. तिथं ते शुद्ध मिळे, स्वस्त मिळे, आणि तंबाखूत मिसळून सिगारेटीतून ओढता येई. ही व्यसनी फौज मायदेशी परतली तर काय होईल, या धास्तीनं निक्सन सरकारनं परतणाऱ्या प्रत्येकाची लघवी तपासायला सुरुवात केली आणि ली रॉबिन्स या संशोधक बाईंकडे पुढचा माग काढायचं काम सोपवलं. रॉबिन्सबाईंना दिसलं ते असं: साध्या सैनिकांपैकी तिसऱ्या हिश्श्यानं तिथं हेरॉइन घेतलं होतं, आणि सुमारे पाचवा हिस्सा पुरता आहारी गेला होता. पण घरी परतल्यावर, तिकडे आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या दहा महिन्यांत फक्त ५ टक्के पुन्हा आहारी गेले. तीन वर्षांत, थोड्या काळासाठी का होईना, पुन्हा अडकलेले धरले तरी आकडा १२ टक्क्यांच्या पुढे गेला नाही. बहुतेकांनी उपचारही घेतले नव्हते. त्याच काळात अमेरिकेतल्या सरकारी इस्पितळातून बरे होऊन बाहेर पडणारे हेरॉइनचे रुग्ण मात्र बहुतांशी पुन्हा त्याच वाटेला लागत होते. आकडे इतके अनपेक्षित होते की अनेकांनी आधी त्यांवर विश्वासच ठेवला नाही.

पदार्थ तोच, माणसाचा मेंदूही तोच. बदललं काय होतं? जागा, सोबत, पुरवठा, आणि उद्याच्या दिवसाला असलेलं काम. सैनिकानं जे जंगल मागे टाकलं, त्यात ती सिगारेटही मागे राहिली. आपल्याकडचा गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, ओढणारा मुलगा महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून परततो तो त्याच गल्लीत, त्याच कट्ट्यावर, त्याच मित्रांत. उपचारांचं अर्धं अपयश या एका फरकात आहे.

जागेचा हा परिणाम नुसता मनावर होत नाही, तो शरीरात उतरतो. कॅनडातले शेपर्ड सीगल यांनी १९८२ मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग अंगावर काटा आणणारा आहे. हेरॉइनची सवय झालेल्या उंदरांना एक मोठा डोस नेहमीच्या खोलीत दिला, तेव्हा साधारण तिसरा हिस्सा मेला. तोच डोस अनोळखी खोलीत दिला, तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश मेले. ओळखीच्या जागी शरीर आधीच बचावाची तयारी करून बसतं. पण तीच तयारी, डोस मिळाला नाही, तर तलफ होऊन उसळते. पन्नी दिसली, काडी पेटल्याचा आवाज आला, पगाराची तारीख आली, की सहा महिने स्वच्छ असलेल्या माणसाच्याही पोटात गोळा येतो. ब्रूस अलेक्झांडर यांचा 'रॅट पार्क'चा प्रयोग याहून जास्त प्रसिद्ध आहे. एकट्या पिंजऱ्यातले उंदीर मॉर्फिनचं पाणी ढोसतात, सवंगड्यांसोबत ऐसपैस जागेत राहणारे त्याला फारसं तोंड लावत नाहीत, असं त्यांनी दाखवलं. समाजमाध्यमांवर तो व्यसनाचं अंतिम सत्य म्हणून फिरत असतो. मात्र इतरांनी तो करून पाहिला तेव्हा दर वेळी तसाच निकाल आला नाही, हे त्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. व्हिएतनामचा पुरावा त्यापेक्षा भक्कम, आणि तो माणसांचा आहे.

मेंदूकडे वळू. १९५४ मध्ये मॉन्ट्रियलला जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत तार घातली. ठरावीक भागात तार असली की उंदीर विजेचा झटका मिळवण्यासाठी तास न् तास दांडी दाबत राहतो, असं त्यांना आढळलं. पुढं याच वाटेवर डोपामिन हे रसायन सापडलं आणि ते 'सुखाचं रसायन' म्हणून गाजलं. पण हे नाव थोडं फसवं ठरलं. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ पासून मांडलेलं म्हणणं असं की एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती मिळाल्यावर बरं वाटणं या मेंदूतल्या वेगळ्या यंत्रणा आहेत. डोपामिन मुख्यतः हवंसं वाटण्याचं काम बघतं. व्यसनात ती हाव चढत जाते आणि मजा मात्र ओसरत जाते. कुठल्याही जुन्या पिणाऱ्याशी निवांत बोला, तो हेच सांगेल: मजा केव्हाच गेली, आता नुसतं लागतं म्हणून. घरच्यांना हे कळत नाही. मजा येत नाही तर पितोस कशाला, असं बायको विचारते, आणि त्या बिचाऱ्याकडे उत्तर नसतं.

१९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेचे प्रमुख ॲलन लेश्नर यांनी, व्यसन हा मेंदूचा आजार आहे, असं ठासून मांडलं आणि ते मत जगभर सरकारी मत झालं. त्याला विरोधही झाला. मानसशास्त्रज्ञ जीन हेमन म्हणतात की व्यसन सोडणारे बहुसंख्य लोक नोकरी, लग्न, मुलं अशा कारणांनी, डॉक्टरकडे न जाता सोडतात. मेंदूच्या आजारात असं होत नसतं. स्वतः तरुणपणी व्यसनात अडकलेले मेंदूशास्त्रज्ञ मार्क लुईस व्यसनाला शिकण्याची एक खोल रुतलेली तऱ्हा म्हणतात. मला यात आजाराचं मत व्यवहारात जास्त उपयोगी वाटतं, कारण त्यामुळे माणूस चौकीऐवजी दवाखान्यात जातो. पण ते अती ताणलं, की रुग्ण हात बांधून बसतो आणि नातेवाईक डॉक्टरला म्हणतात, आता तुम्हीच बघा याचं.

आनुवंशिकतेचं काय? जुळ्यांच्या अभ्यासांवरून व्यसनाच्या धोक्यातला साधारण निम्मा वाटा जनुकांचा असावा असं दिसतं. मात्र 'दारूचं जनुक' असं काही नाही. उलट, दारूपासून वाचवणारं एक जनुक चांगलं ठाऊक आहे: चीन, जपान, कोरियातल्या अनेकांत दारू पचवणारं एक विकर नीट चालत नाही. दोन घोटांत चेहरा लाल होतो, छाती धडधडते, आणि माणूस आपोआप कमी पितो. बाकी ठिकाणी जनुकं स्वभावातून काम करतात, धाडसाची ओढ, उतावीळपणा, चिंतेची धात. वडील पीत होते म्हणून मुलगा पिणारच, असं त्यावरून म्हणता येत नाही. पण वडील पीत होते त्यानं पहिला पेग हातात घेताना जास्त विचार करावा, हे नक्की.

जनुकांपेक्षा बालपणाचा पुरावा मला अधिक अस्वस्थ करतो. १९९८ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांना बालपणातल्या आघातांबद्दल विचारलं: मारहाण, लैंगिक अत्याचार, घरात दारू, आईला होणारी मारझोड, घरातलं कुणी तुरुंगात. असे चार किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांत दारू, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट निघाला. म्हणजे दारुड्याच्या घरातलं मूल दोन वाटांनी सापडतं, रक्तातून आणि रोजच्या रात्रींतून. एडवर्ड खांट्झियान या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८५ मध्ये मांडलं होतं की पुष्कळ लोक नशा करत नाहीत, ते स्वतःवर औषधोपचार करत असतात. कुणी भीतीवर दारू घेतो, कुणी आतल्या संतापावर गर्द. मुंबईत गटारात उतरणारे सफाई कामगार दारू पिऊन का उतरतात, हे विचारायला त्या मॅनहोलच्या तोंडाशी एकदा उभं राहिलं तरी पुरे. वयाचीही गोष्ट आहे. मेंदूचा लगाम धरणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो, आणि बहुतेकांची पहिली ओळख त्याआधीच, मिसरूड फुटायच्या वयात झालेली असते.

राहिला पुरवठा. या कारणाकडे आपले विचारवंत थोडं नाक मुरडून बघतात, पण मुंबईचा इतिहास त्याचीच साक्ष देतो. १९७९ ची इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातलं युद्ध यांनंतर तिकडच्या हेरॉइनचे रस्ते बदलले आणि १९८० च्या दशकात गर्द मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत आली. तेव्हाच्या तरुणांची मनं त्या दोन-तीन वर्षांत एकाएकी कमकुवत झाली होती, असं कुणी म्हणणार नाही. माल आला, म्हणून व्यसन आलं. आज त्या जागी एमडी आहे. मेफेड्रोन हे त्याचं पूर्ण नाव, आणि ते कारखान्यात बनतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतून त्याचा प्रचंड साठा पकडला, तेव्हा अफूच्या शेतांवरून नजर काढून रसायनांच्या शेडकडे बघायला हवं, हे उघड झालं. दारूच्या पुरवठ्याबद्दल तर विदर्भात जिल्हेच्या जिल्हे प्रयोगशाळा झाले. वर्ध्यात १९७५ पासून बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला लागू होऊन २०२१ ला उठवलेली. गडचिरोलीत बंदीमागे डॉ. अभय व राणी बंग यांचं काम आणि बायांचं आंदोलन होतं, आणि तिथं नंतर 'मुक्तिपथ' या मोहिमेनं उपचार आणि गावसंघटन यांची जोड दिली. बंदीची बाजू घेणारे आणि तिला नावं ठेवणारे दोघंही बहुधा ही जोड विसरतात. मागे काहीच नसलेली बंदी हातभट्टीवाल्याचं भाग्य उघडते.

कारणांची ही यादी वाचून कुणी म्हणेल, मग नक्की कोणतं? माझं उत्तर: दर माणसात यांची बेरीज वेगळी असते, आणि म्हणूनच एकाच मापाचा उपचार फसतो.

उपचारांची सुरुवात शरीरातून विष काढण्यानं होते, तिला केंद्रातली मुलं 'टर्की काढणं' म्हणतात. गर्दची टर्की भयंकर असते, हाडं फुटतात, उलट्या, जुलाब, झोप नाही. पण तिनं माणूस सहसा मरत नाही. दारूची टर्की मात्र मारू शकते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकतात, माणूस भ्रमिष्ट होतो, भिंतीवर किडे दिसायला लागतात, आणि वेळेवर झोपेच्या जातीची औषधं व बी-१ जीवनसत्त्व मिळालं नाही तर जीवही जातो. दारुड्याला खोलीत कोंडून 'उतरू दे' म्हणण्याची आपल्याकडची रीत म्हणून धोक्याची आहे. खांबावरच्या त्या जाहिरातीतली पावडरही तशीच. तिच्यात नेमकं काय असतं ते विकणाराही सांगत नाही. दारू पिताच उलट्या, धडधड आणि लालसर चेहरा असा त्रास देणारं डायसल्फिराम हे औषध १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये सापडलं. रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनं, घरच्या माणसासमोर ते दिलं तर काहींना चांगलं लागू पडतं. त्याच्या नकळत भाजीत घातलं तर वर दारू पडल्यावर रक्तदाब इतका घसरू शकतो की गाठ थेट अतिदक्षता विभागाशी.

टर्की निघाली म्हणजे व्यसन सुटलं, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत आहे. गर्दच्या बाबतीत ती अक्षरशः जीव घेते. महिनाभर लांब राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पहिल्याच स्लिपमध्ये मुलगा जुना डोस घेतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे अतिमात्रेच्या मृत्यूंसाठी सर्वांत वाईट असतात, हे जगभर दिसलं आहे. म्हणून अफूजन्य व्यसनांसाठी न्यूयॉर्कमध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यात व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी मेथाडोन दीर्घकाळ देत राहण्याचा मार्ग काढला; आज त्याच धर्तीवर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली दिली जाते. ती नशेची लाट न आणता तलफ भागवते, माणूस कामावर जातो, सुई सुटते. असा उपचार चालू असताना मृत्यूचं प्रमाण उपचाराबाहेर असतानापेक्षा निम्म्याहून कमी असतं, आणि एचआयव्हीचा फैलावही घटतो. भारतात एड्स नियंत्रण कार्यक्रमातून, तसंच पंजाबात २०१७ पासूनच्या सरकारी बाह्यरुग्ण केंद्रांतून, ही गोळी मिळते. तरी आपल्याकडे अजून ऐकू येतं, एक नशा सोडवून दुसरी लावली. मधुमेह्याला इन्सुलिन चालू ठेवलं तर त्याला कुणी असं म्हणत नाही. मुलगा जिवंत, कामावर आणि घरात असेल, तर रोजच्या एका गोळीबद्दल एवढी आढी कशासाठी?

दारूसाठी नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत; ती तलफ थोडी मंद करतात, चमत्कार करत नाहीत. एमडीसाठी तर मान्यता मिळालेलं एकही औषध नाही. गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्राची मुख्य काळजी गर्दकडून एमडीकडे सरकते आहे, म्हणजे ज्या व्यसनावर चांगलं औषध आहे तिथून ज्यावर नाही तिथं आपण आलो. कोकेन, मेथसारख्या उत्तेजक नशांवर आजवर सगळ्यात चांगला निकाल दिला आहे तो बक्षिसांच्या पद्धतीनं: लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस, कूपन. आपल्या केंद्रांत ती क्वचितच वापरली जाते. चांगलं वागण्याचे पैसे कसले द्यायचे, हा आपला संस्कार आडवा येतो.

मग बोलण्याचे उपचार. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलं की रुग्णाशी वाद घातला की तो आपल्या पिण्याची बाजू घेऊन भांडतो. त्याच्याच तोंडून सोडण्याची कारणं काढून घेतली तर तो हलतो. ही पद्धत आपल्या मातीत चालते का, याचा पुरावा गोव्यातच आहे. 'संगत' या संस्थेनं तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या समुपदेशकांना शिकवून, धोक्याच्या पातळीवर पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठका केल्या. तीन महिन्यांनी त्या गटातल्या ३६ टक्क्यांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं होतं, नेहमीचा उपचार मिळालेल्या गटात हेच प्रमाण २६ टक्के. आधीच्या चौदा दिवसांत दारूला अजिबात न शिवलेले ४२ टक्के विरुद्ध १८. निकाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. पुरता आहारी गेलेल्यांसाठी ही पद्धत नव्हती, हे खरं. पण ५.७ कोटींतले बरेचसे अजून त्या काठावरच आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोचायला इस्पितळ लागत नाही, आरोग्य केंद्रातली एक खुर्ची पुरते.

महाराष्ट्राचं खास योगदान सोबतीच्या उपचारांत आहे. लेखक अनिल अवचट यांनी गर्दवर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पुढे आले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. त्याआधी १९८० मध्ये चेन्नईत शांती रंगनाथन यांनी, नवरा दारूपायी गमावल्यावर, टीटीके केंद्र उभं केलं होतं, आणि १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्यात कृपा फाउंडेशन. मुक्तांगणनं रुग्णाला मारहाण, कुलूप यांपासून दूर ठेवलं, बरे झालेल्यांनाच कार्यकर्ते केलं, रुग्णांच्या बायकांसाठी सहचरी गट चालवले, आणि घरी परतल्यावरच्या फॉलोअपला उपचाराचाच भाग मानलं. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेलं अल्कोहोलिक्स अनॉनिमस हेही सोबतीवरच चालतं. शास्त्रज्ञ बरीच वर्षं त्याच्याकडे भजनी मंडळासारखं बघत आले. २०२० मध्ये वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या कसून केलेल्या आढाव्यात, त्याच्या बैठकांकडे पद्धतशीर वळवण्याचे उपचार दारूपासून पूर्ण लांब राहणं टिकवण्यात इतर मानसोपचारांइतके किंवा त्याहून सरस निघाले.

आणि भजनी मंडळ तरी कमी लेखावं का? खेड्यात माळ घालून दारू सोडलेली माणसं सगळ्यांनी पाहिलेली असतात. माळेनं त्यांची सोबत बदलते, एकादशी आणि वारीनं वर्षाचं वेळापत्रक बदलतं, आणि गाव त्यांना नव्या नावानं हाक मारू लागतं, माळकरी. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाला विमानानं जे दिलं, ते या माणसाला गाव न सोडता मिळतं. सगळ्यांना ते लागू पडत नाही, आणि माळ तुटली की माणूस दुप्पट शरमेनं लपतो, ही त्याची दुसरी बाजू.

बायकांबद्दल वेगळं लिहावं लागेल एवढा तो विषय दुर्लक्षित आहे. एम्सच्या पाहणीत दारू पिणाऱ्या बायका १.६ टक्केच निघाल्या, पुरुष २७.३. पण ज्या पितात त्यांना घरातले लपवतात, आणि बहुतेक केंद्रांत त्यांच्यासाठी वॉर्डच नसतो.

कायदा अजून दोन दगडांवर उभा आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात नशा करणं हाच गुन्हा आहे, पण त्याच कायद्याच्या ६४ अ कलमात, थोडा माल जवळ सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचार घ्यायला तयार असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. बड्या घरचा मुलगा पकडला गेला की वाहिन्यांवर चर्चा होते ती त्याला किती वर्षं होतील याची. ६४ अ चं नाव क्वचित निघतं. पोर्तुगालनं २००१ मध्ये थोडा माल बाळगणाऱ्याला कोर्टाऐवजी समुपदेशक आणि डॉक्टर असलेल्या समितीपुढे पाठवायला सुरुवात केली. तिथं सुईतून होणारा एचआयव्ही झपाट्यानं उतरला. मात्र त्यांनी सोबत उपचार केंद्रंही वाढवली होती. नुसतं कलम बदलून हे झालं नसतं.

व्यसन उलटण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के सांगितलं जातं. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांत औषध-पथ्य सुटून पुन्हा उचल खाण्याचं प्रमाण याहून कमी नाही. फरक एवढाच की रक्तदाब वाढलेल्याला आपण डॉक्टरकडे नेतो आणि स्लिप झालेल्याला घराबाहेर काढतो. म्हणून टर्कीच्या पहिल्या आठवड्यापेक्षा त्यानंतरच्या दोन वर्षांवर पैसा आणि माणसं लागायला हवीत. आज अनुदानाचा हिशोब खाटांवर होतो, फॉलोअपवर नाही, आणि जोवर तो तसा होत राहील तोवर केंद्रं भरलेली राहतील आणि गल्ल्याही.

ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे त्यांना काही रोखठोक सांगून थांबतो. केंद्र निवडताना चार प्रश्न विचारा. मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात? घरच्यांना रुग्णाला भेटता येतं का? सुटल्यावरच्या फॉलोअपची सोय काय? आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का? त्या कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास येतात, आणि रुग्णाला साखळदंड घालायला त्यात मनाई आहे. भेट नाकारणारं, गाडी पाठवून माणूस उचलून नेणारं, 'सरळ करून' देण्याची हमी देणारं केंद्र असेल तर पैसे परत घेऊन बाहेर पडा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नका. कुठं जायचं ते कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी क्रमांक आहेत, फोन फुकट लागतो, आणि तो पिणाऱ्यानंच करायला हवा असं नाही.